लाइट गेली तर यंत्रातली हवा काय करते? एअर व्हॉल्व्ह बसवण्याआधी विचारायचा प्रश्न

समजा, आष्टीतल्या एका छोट्या दूध-पॅकिंग युनिटमध्ये भर दुपारी लाइट गेली. यंत्र थांबले, कॉम्प्रेसरचा आवाज बंद झाला. पिशवी सील करणाऱ्या जबड्यात प्लॅस्टिक अडकलेले दिसते म्हणून कामगार हात घालून ते काढू लागतो. त्याच्या लेखी यंत्र बंद आहे. पण टाकीतली हवा कुठेही गेलेली नाही. तिचा दाब अजून ६ बार, म्हणजे आपल्या बोलीत सहा किलो आहे. लाइट परत आली की जबडा मिटेल की उघडा राहील, हे त्या क्षणी बरेचसे यंत्रावर बसवलेल्या तळहाताएवढ्या व्हॉल्व्हवर अवलंबून असते.

ताकदीचा अंदाज घ्या. ६३ मिलिमीटर व्यासाच्या एअर सिलिंडरमध्ये ६ बारची हवा सोडली तर त्याचा दांडा सुमारे १९० किलोचा रेटा देतो. पन्नास किलोची जवळजवळ चार पोती, तीही क्षणात.

आष्टी-कडा पट्टा दुधासाठी ओळखला जातो, आणि लाइट जाणे इथे नवे नाही. म्हणून इथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे आटे आवळून नळी खोचणे असे समजले जाते. खरे काम त्याआधीचे आहे: वीज किंवा हवा गेली तर हा भाग कुठे जाऊन थांबला पाहिजे, हे ठरवणे.

रेल्वेने हा प्रश्न कसा सोडवला

२३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर–न्यू आष्टी रेल्वे सुरू झाली. रेल्वेचा एअर ब्रेक हे या विचाराचे उत्तम उदाहरण. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८६९ च्या पहिल्या रचनेत ब्रेक लावण्यासाठी इंजिनातून हवा सोडावी लागे. नळी तुटली की ब्रेकच नाही! १८७२ मध्ये त्यांनी हे उलटे केले. आजही भारतीय रेल्वेच्या एअर ब्रेकमध्ये ब्रेक पाइपमधला दाब ५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर ठेवतात. तो घसरला, मग चालकाने सोडला असो वा पाइप फुटला असो, की प्रत्येक डब्यातला व्हॉल्व्ह तिथल्याच टाकीतली हवा ब्रेककडे वळवतो आणि गाडी थांबते. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूलाच झुकतो.

५/२ म्हणजे काय

व्हॉल्व्हवर ५/२, ५/३ असे आकडे असतात. पहिला आकडा तोंडांचा, दुसरा स्थितींचा. ५/२ मध्ये १ क्रमांकाच्या तोंडातून हवा आत येते, २ आणि ४ सिलिंडरकडे जातात, ३ आणि ५ मधून वापरलेली हवा बाहेर पडते.

एक कॉइल आणि स्प्रिंग असलेला ५/२ वीज गेली की स्प्रिंगच्या जोरावर मूळ जागी परततो. दोन कॉइलवाला शेवटच्या हुकमावरच थांबतो. सीलिंगच्या जबड्याला पहिला प्रकार योग्य. नळ्या अशा जोडायच्या की वीज जाताच जबडा उघडेल. पण एखादी वस्तू घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीला तोच व्हॉल्व्ह लावला, तर लाइट जाताच वस्तू सुटून पायावर पडेल. तिथे दोन कॉइलवाला हवा. मधल्या स्थितीत सगळी तोंडे बंद करणारा ५/३ सिलिंडरला वाटेत थांबवतो खरा, पण आतली हवा कोंडलेलीच राहते आणि बारीक गळतीने वर धरलेले वजन हळूहळू खाली येते. अशा वजनाखाली लाकडी ठोकळा किंवा लोखंडी टेकू लावल्याशिवाय हात घालू नये.

पान्हा हातात घेण्याआधी

कॉम्प्रेसर बंद करणे पुरेसे नाही. साधा बॉल कॉक बंद केला तरी त्याच्या पुढच्या नळीत हवा अडकून राहते. म्हणून यंत्राच्या तोंडाशी ३/२ प्रकारचा हाताने फिरवायचा शट-ऑफ व्हॉल्व्ह बसवावा. तो बंद केला की पुरवठा तुटतो आणि पुढची हवाही बाहेर सुटते. त्याला कुलूप लावता येते. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. गेजचा काटा शून्यावर आला, तरी व्हॉल्व्हवरचे हाताने दाबायचे बटण दाबून पाहावे. काटे अडकतात.

आता आपल्याकडची एक खास चूक. शेताच्या पाइपलाइनमधून उरलेला पीव्हीसी पाइप घरात असतो, त्यावर '६ किलो' छापलेले असते, मग तोच कॉम्प्रेसरला जोडला जातो. ते सहा किलो पाण्याचे आहेत. पाण्याचा पाइप तडकला की दाब लगेच उतरतो. हवा मात्र फुगत राहते आणि पाइपचे धारदार तुकडे गोळीसारखे उडवते. हवेसाठी लोखंडी, ॲल्युमिनियमचा किंवा त्यासाठीच बनवलेला पाइप वापरावा. मुख्य लाइनवरून फाटा वरच्या बाजूने काढावा, म्हणजे तळाचे पाणी व्हॉल्व्हकडे येत नाही.

नवा पाइप आधी हवेने फुंकून घ्यावा. टेफ्लॉन टेप फक्त निमुळत्या आट्यांना; पुढचे एक-दोन आटे मोकळे सोडावेत. टेपचा फाटलेला बारीक तुकडा आतल्या स्पूलमध्ये गेला, तर नवाकोरा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी अडकतो आणि दोष कंपनीला दिला जातो. सरळ आट्यांना वॉशर किंवा ओ-रिंग असते, तिथे टेप नकोच. व्हॉल्व्हच्या आधी फिल्टर आणि रेग्युलेटर हवा.

३ आणि ५ ची तोंडे फुस्स आवाज करतात म्हणून काही जण त्यात बोल्ट ठोकतात. मग हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि सिलिंडर अर्ध्यात अडकतो. तिथे सायलेन्सर लावावा. शंभर-दोनशे रुपयांसाठी हट्ट कशाला?

टाकी आणि तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मात्र कोणताही कॉक बसवायचा नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३१ वे कलम दाबाखालच्या यंत्रसामग्रीसाठीच लिहिलेले होते, पण दोन-चार माणसांच्या शेडमध्ये तपासणीला कोणी येईल याची वाट पाहू नये.

पहिली चाचणी २ बारवर घ्यावी. गळती साबणाच्या पाण्याने शोधावी, बोटाने नाही. बारीक भोकातली हवा कातडीखाली शिरू शकते. मग दाब ६ बारवर न्यावा, सगळ्यांना बाजूला उभे करावे आणि यंत्र चालू असताना मेन स्विच मुद्दाम पाडावा. जबडा उघडतो का ते पाहावे. मग स्विच पुन्हा वर करावा. कोणी स्टार्टचे बटण दाबण्याआधीच यंत्र हलले, तर जोडणी अजून पूर्ण झालेली नाही.