चाड्यावरची मूठ

संपादकांनी मला पाठवलं होतं प्रशस्तिपत्रं वाटण्याच्या कार्यक्रमाला. वर्ध्यापासून तासाभरावरच्या त्या केंद्रात एकवीस तरुण शेतकरी मृगापासून तुरीच्या काढणीपर्यंत राहून विषमुक्त शेती शिकले होते. मी आदल्या संध्याकाळीच पोचलो आणि अंगणातच अडकलो. तिथे एक मावशी तिफण मांडून बसल्या होत्या.

या भागाला असं शिक्षण नवं नाही. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ साली वर्ध्यातच सुरू झाला, १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभं राहिलं. निसर्गाचा साठा उपसून चालणारं अर्थकारण टिकत नाही, हे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा इथूनच मांडत होते. केंद्राच्या माहितीपत्रकात हे सगळं आहे. मावशी मात्र त्यात नाहीत.

तिफणीला तीन फण, प्रत्येक फणामागे एक पोकळ नळा. तिन्ही नळे वर जिथे जुळतात, तिथे लाकडाचं कोरीव चाडं. चाड्याच्या तळाला तीन भोकं. चालत्या तिफणीबरोबर चालायचं, ओटीतून बी घ्यायचं आणि मूठ चाड्यावर अशी फिरवायची की तिन्ही भोकांत सारखंच बी पडावं. मूठ सैल सुटली तर रोपं दाट येतात, आवळली तर नांग्या पडतात. शेतात हे बी लगेच मातीआड होतं, चूक आठवड्यानं उगवणीत दिसते. म्हणून मावशी पोरांना आधी सारवलेल्या अंगणात शिकवतात. दोघं तिफण ओढतात, तिसरा ज्वारी सोडतो. शेणानं सारवलेल्या जमिनीवर दाणे लपत नाहीत.

त्या संध्याकाळी एक पोरगा शेवटचा सराव करत होता. मधली ओळ भरगच्च, कडेच्या दोन विरळ. मावशींनी त्याचं मनगट धरलं. ‘‘इतकी गच्च नको धरू बाप्पा. बी जाऊ दे ना खाली.’’ आणि त्याच्या हातासकट आपला हात फिरवला. करंगळीच्या बाजूनं दाणे सुटत होते, अंगठा वरून हलकेच ढकलत होता. तीन ओळी सारख्या उमटल्या.

तिफणीमागे दोरीनं बांबूची एक सुटी नळी बांधतात, तो सरता. त्यातून दुसरं बी पेरायचं. चाड्यावर ज्वारी, सरत्यावर तूर. तिळासारखं बारीक बी असेल तर त्यात वाळू मिसळायची. अशा मिश्र पेऱ्यात मूग ६०-६५ दिवसांत निघतो, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरतो. तूर सहा महिने उभी राहते, तिचं सोटमूळ खोल उतरतं. ऑगस्टात पावसानं दडी मारली तर एक पीक माना टाकतं, दुसरं तग धरतं. वर्गात मिश्र पिकांचे तक्ते होते. मला ते कळले अंगणात. पूर्वी हे काम घरोघरच्या बाया करायच्या, आणि एवढी नाजूक विद्या आपण कधी शिक्षण म्हणून मोजली नाही, याची मला खंत वाटली.

दुसऱ्या दिवशी मांडवात भाषणं झाली, टाळ्या झाल्या. प्रत्येकाला कागदाबरोबर बियांची पुरचुंडी मिळाली : ज्वारी, तूर, मूग, तीळ, अंबाडी. जेवणाच्या पंगतीत मी पोरांना एकच विचारत गेलो, आता कुठे पेरणार? सातबारा बहुतेकांच्या बापाच्या नावावर. पीककर्जही त्याच्याच नावावर, आणि ते कपाशीवर घेतलेलं. २००२ साली बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असं या बापांना वाटलं होतं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं बीटीतच बोंडं पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. तरीही व्यापारी ओळखतो तो कापूसच. दोन पायल्या मूग आणि अर्धं पोतं तीळ घेऊन गेलं तर विषमुक्त म्हणून चार पैसे जास्त देणारा जवळपास कोणी नाही. शेजाऱ्यानं तणनाशक मारलं तर वारा धुरा ओळखत नाही. शिवाय शेती करणाऱ्याला मुलगी कोण देतो, हे तिघांनी मला वेगवेगळं सांगितलं, तिघांनीही खाली बघून.

कालच्या त्या पोराला बापानं धुऱ्याकडची एक एकर दिली होती, एका वर्षापुरती. बाप आला नव्हता, आई आली होती. माणसं पांगल्यावर ती अंगणात आली, तिफणीभोवती एक फेरी मारली. चाड्यात बोट घालून पाहिलं. मग मावशींच्या सुपातली ज्वारी पदरात घेतली. ‘‘माहेरी मीच राहायची चाड्यावर,’’ म्हणाली. पोरानं आणि मी तिफण ओढली. मागे वळून पाहिलं तर दाणे तिन्ही ओळींत सारखे पडले होते.

पोरगा बघतच राहिला. ‘‘तू कधी सांगितलं नाही.’’

‘‘ट्रॅक्टर आला, मग कोण विचारते?’’ तिनं उरलेली ज्वारी सुपात परत टाकली, हात झटकले. ‘‘मी करीन पेरणी. पण बैलजोडी लाखाच्या घरात गेली. बैल कोणाचे आणशील?’’

पोरगा गावातल्या बैलवाल्यांची नावं आठवू लागला. दोन आठवली. त्यातल्या एकानं दिवाळीतच जोडी विकली होती.