उजेडात पाहायचे रंग

कावीळ रात्री बघू नये. पिवळ्या बल्बखाली सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसतात आणि ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात हलकी झाक हरवते. माणसाला सकाळी खिडकीशी उभं करावं, पायांकडे बघायला सांगावं आणि वरची पापणी हलकेच उचलावी. एरवी पापणीखाली झाकलेला पांढरा भाग नीट पाहावा. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत मातकट पिवळे ठिपके असतात. ती कावीळ नव्हे. रोज गाजर-पपई खाणाऱ्याचे तळहात पिवळे पडतात, पण डोळे स्वच्छ राहतात. तीही कावीळ नव्हे.

इतकी वर्षं प्रॅक्टिस करूनही या पिवळ्या रंगाचं माझं वेड कमी झालेलं नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होतं. यकृत त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि पित्तात सोडतं. रक्तात ते दर डेसिलिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. डोळ्यांत दिसायला अडीच-तीनपर्यंत चढावं लागतं. विषाणूच्या काविळीत त्याआधीच काही दिवस लघवी गडद होते, अन्न बघवत नाही, विडी ओढणाऱ्याला विडीचा वाससुद्धा नकोसा होतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी झळझळीत पिवळी होते. काविळीत ती तपकिरीकडे झुकते.

तिसरा रंग लाजेपोटी कुणी सांगत नाही. तो शौचाचा. शौचाला तपकिरी रंग येतो तो पित्तातल्या बिलिरुबिनवर आतड्यातल्या जंतूंनी केलेल्या प्रक्रियेमुळे. पित्त आतड्यात उतरलंच नाही तर शौच फिकट, शाडूच्या रंगाचं होतं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच फिकट आणि अंगाला रात्ररात्र खाज, हे सगळं एकत्र आलं की पित्ताची वाट तुंबल्याचा संशय घ्यावा. बासेलचा शल्यविशारद लुडविग कूरव्हाझिए याने १८९० मध्ये यातली एक महत्त्वाची खूण नोंदवली. कावीळ आहे, पोट दुखत नाही, पण फुगलेलं पित्ताशय हाताला लागतंय, तर कारण सहसा खडा नसतं. खड्यांनी वर्षानुवर्षं सुजलेलं पित्ताशय आक्रसून जाड होतं, ते फुगत नाही. अशा वेळी स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या गाठीचा शोध घ्यावा लागतो. सोनोग्राफी नसलेल्या काळात नुसत्या बोटांनी केलेलं हे निदान मला आजही थक्क करतं.

अशाच रुग्णांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण त्यांतले बरेच आधी माळ घालायला जातात. नगर जिल्ह्यातल्या एका गावी मी मुद्दाम रविवारी गेलो होतो. पारावर रांग लागली होती, अंगावरच्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. वनस्पतीच्या काड्यांची घट्ट ओवलेली माळ गळ्यात पडते आणि दिवसागणिक लांबते. लांबली म्हणजे कावीळ उतरली. काड्या सुकतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ निरोग्याच्या गळ्यातही लांबते. दुसरीकडे हात चुन्याच्या निवळीत धुतात आणि पाणी पिवळं होतं. हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला की ते कुणाच्याही हातांनी होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे करून दाखवतात. रांगेतले बहुतेक लोक बरे होणारच होते, कारण दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस 'ए' विषाणूची कावीळ बहुधा आपली आपणच बरी होते. तुंबलेल्या पित्ताचा रुग्ण मात्र महिनाभराने येतो, तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ हुकलेली असू शकते.

पाण्यातून येणारी सगळी कावीळ 'ए' नसते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून ती 'ए' नव्हती हे पुढे कळलं. आज तिला 'ई' म्हणतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही कावीळ जिवावर बेतू शकते. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

पित्ताशयाच्या खड्यांचं दुखणं बहुतेक घरांत ॲसिडिटीच्या नावावर खपतं. तळकट जेवणानंतर, पुष्कळदा रात्री, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी कळ उठते, पाठीत उजव्या खवाट्याकडे जाते आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते. कूस बदलून ती जात नाही. सोबत थंडी वाजून ताप आणि कावीळ आली तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. खड्याच्या ऑपरेशनची भीती मात्र आता सोडावी. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आणि ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयातल्या गरिबाला मिळू शकते हे दाखवून दिलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

यकृताच्या जुनाट आजाराची लक्षणं थोडक्यात सांगतो: पाणी भरून फुगलेलं पोट, पायांवर सूज, लाल तळहात, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात भ्रम. शेवटच्या चारांपैकी काहीही दिसलं की थांबू नये. आणि दारू न पिणाऱ्याचंही यकृत चरबीने खराब होतं. मधुमेही, पोट सुटलेल्या माणसाने तपासून घ्यावं.

पण मला खरं सांगायचंय ते तान्ह्या बाळांबद्दल. पहिल्या आठवड्यातली कावीळ बहुतेक बाळांना होते आणि ओसरते. १४ दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील, दुपट्यावर शौच पांढुरकं दिसत असेल, लघवीचे पिवळे डाग पडत असतील, तर बाळाच्या पित्तनलिका बुजत असण्याची शक्यता असते. जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली; ती शक्यतो ६० दिवसांच्या आत झाली तर यश अधिक. तैवानने २००४ पासून देशभर आईच्या हाती शौचाच्या रंगांचं कार्ड दिलं आणि निदान लवकर होऊ लागलं. आपल्याकडे आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. या सगळ्या भेटी ६० दिवसांच्या आतल्या आहेत. प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असं कार्ड असावं, आणि चौदाव्या दिवसापासून तिने प्रत्येक भेटीत बाळाचं दुपटं उजेडात उलगडून बघावं.