कपारीतले पूर्वज

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला कड्याच्या पोटात वसलेली दगडी घरं पाहिली, की अजिंठा-वेरूळवर नजर तयार झालेला मराठी प्रवासी आधी विचारतो, हे कोरलं कोणी? कोणीच नाही. यूटा, कोलोरॅडो, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांत पसरलेलं कोलोरॅडोचं पठार महाराष्ट्राहून थोडं मोठं आहे आणि त्यातल्या दऱ्यांचे कडे मुख्यतः वालुकाश्माचे. पावसाबर्फाचं पाणी या सच्छिद्र दगडातून झिरपत उतरतं, खाली शेलचा थर लागला की आडवं वळतं आणि कड्याच्या अंगातून पाझरतं. तिथला दगड सैल होतो, थंडीत पाणी गोठून फुगतं, ढलपे सुटतात. हजारो वर्षांत तिथे खोल कपार तयार होते. वर छप्पर, मागे पाझर. तोंड दक्षिणेला असेल तर हिवाळ्यातलं कललेलं ऊन आत येतं आणि उन्हाळ्यातलं माथ्यावरचं ऊन बाहेरच अडतं. माणसाने फक्त भिंती घालायच्या.

त्या भिंती फार नंतर आल्या. दोन हजार वर्षांपूर्वी या कपारी वापरणारे लोक मका आणि भोपळा पिकवत. पण मडकी घडवत नसत. त्यांची सगळी हुन्नर टोपल्यांत होती, म्हणून संशोधक त्यांना ‘बास्केटमेकर’ म्हणतात. कपारीच्या जमिनीत खड्डा घेऊन, कडेने दगडी फरशा लावून ते मक्याची पेवं करत. पेव रिकामं झालं, की कित्येकदा त्यातच मृताला ठेवत: गुडघे छातीशी घेतलेले, अंगाभोवती सशाच्या कातड्याच्या पट्ट्यांचं पांघरूण, सोबत युक्काच्या धाग्यांच्या न वापरलेल्या चपला आणि पुष्कळदा चेहऱ्यावर पालथी घातलेली टोपली. ओल नसल्यामुळे केस, त्वचा, दोऱ्याचा पीळ, सगळं टिकलं. अ‍ॅरिझोनातल्या कॅन्यन द शे या दरीच्या एका फाट्यात १८८२ साली जेम्स स्टीव्हन्सनच्या तुकडीला असे सुकलेले देह सापडले, आणि त्या फाट्याला कॅन्यन देल मुएर्तो, म्हणजे मृतांची दरी, हे नाव पडलं.

जे इतकं चांगलं टिकतं, त्याला गिऱ्हाईकही लवकर मिळतं. १८ डिसेंबर १८८८ रोजी कोलोरॅडोतल्या मेसा वर्देवर रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन या गुरं राखणाऱ्या मेहुण्यांना समोरच्या कड्यात दीडशे खोल्यांचा ‘क्लिफ पॅलेस’ दिसला. तिथल्या यूट आदिवासींना तो आधीपासून ठाऊक होता. वेदरिल कुटुंबाने वस्तू खणून विकायला सुरुवात केली. १८९१ साली गुस्ताफ नोर्डेनश्योल्ड हा तरुण स्वीडिश अभ्यासक आला. त्याने काळजीपूर्वक खोदलं, छायाचित्रं काढली, मोजमापं नोंदली. पेटारे घेऊन निघताना त्याला अटक झाली. पण त्याने मोडावा असा कायदाच नव्हता, म्हणून सुटला. तो संग्रह पुढे हेलसिंकीला पोचला.

वेदरिलला निव्वळ लुटारू ठरवणं मात्र अन्यायाचं होईल. १८९३च्या डिसेंबरमध्ये आग्नेय यूटातल्या एका कपारीत, त्याच्या नोंदींतल्या ‘केव्ह ७’मध्ये, त्याला नव्वदच्या आसपास सांगाडे मिळाले. काहींच्या हाडांत दगडी टोकं रुतलेली होती. मडकी घडवणाऱ्यांच्या थराखाली, त्यांच्याहून जुने, मडक्यांशिवायचे लोक आहेत, हे त्याने थर पाहून ओळखलं. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसाचं हे निरीक्षण पुढच्या संशोधनाने खरं ठरवलं. सांगाडे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेले. ते नेमक्या कोणत्या कपारीतून आले, हे मात्र काळाच्या ओघात हरवलं.

ते परत जुळवलं हौशी मंडळींनी. १९८०च्या दशकात त्या भागातल्या काहींनी खोदकाम उलट दिशेने सुरू केलं. एकही कुदळ न मारता. जुन्या पथकांनी कपारींच्या भिंतींवर आपली नावं आणि तारखा लिहिल्या होत्या. त्या शोधायच्या, जुन्या पत्रांशी आणि छायाचित्रांशी ताडायच्या, आणि संग्रहालयातली वस्तू मूळ जागेशी जोडायची. १९९० साली केव्ह ७ सापडली. माझ्या मते या प्रदेशातल्या शोधाचं सर्वांत प्रगल्भ रूप हेच: नेलेल्या वस्तूला तिचा पत्ता परत देणं.

काळ ठरवतानाही जागेवर टिकलेली वस्तूच कामी आली. ए. ई. डग्लस हे खगोलशास्त्रज्ञ. झाडांच्या वलयांत सूर्याच्या चक्रांचा माग काढायला निघाले आणि घरांच्या तुळयांपर्यंत पोचले. १९२९ साली अ‍ॅरिझोनातल्या शो लो गावी मिळालेल्या एका जळक्या तुळईने वलयांची तुटलेली साखळी सांधली, आणि मेसा वर्देच्या घरांना वर्षं मिळाली. कड्यातली बहुतेक बांधकामं तेराव्या शतकातली. १२७६ ते १२९९ या काळात मोठा दुष्काळ पडला आणि शतक संपेपर्यंत वस्त्या रिकाम्या झाल्या. दुष्काळाच्या जोडीला संघर्षाच्या खुणाही आहेत. माणसं नाहीशी झाली नाहीत, दक्षिणेला सरकली. होपी, झुनी, अकोमा आणि रिओ ग्रांदेकाठचे प्युब्लो लोक त्यांचेच वंशज. त्यांच्या लेखी या कपारी ओसाड नाहीत, पूर्वज तिथेच आहेत.

या वंशजांना कोणी विचारलं का? १९०६च्या पुरावस्तू कायद्याने परवान्याविना खोदकाम थांबवलं खरं, पण परवाने संग्रहालयांना आणि विद्यापीठांनाच मिळाले. पूर्वजांची हाडं ‘पुरावस्तू’ ठरली. १९७९च्या कायद्याने चोरीची शिक्षा वाढवली. मानवी अवशेष आणि दफनवस्तू वंशजांना परत देण्याचं बंधन आलं ते थेट १९९० साली. परदेशातल्या संग्रहांना ते लागू नव्हतं, तरी फिनलंडने संमती दिली, आणि नोर्डेनश्योल्डने नेलेले सुमारे वीस जणांचे अवशेष २८ दफनवस्तूंसह २०२० साली मेसा वर्देच्या मातीत पुन्हा पुरले गेले. यूटातल्या बेअर्स इअर्स या संरक्षित प्रदेशाच्या व्यवस्थापनात २०२२पासून पाच आदिवासी राष्ट्रं सरकारची भागीदार आहेत.

अवशेष परत देण्यावर अभ्यासकांचा एक आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. केव्ह ७मधले लोक एकाच कत्तलीत मेले, असं शंभर वर्षं मानलं गेलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कार्बन-कालमापनाने ते मृत्यू वेगवेगळ्या काळांतले असल्याचं दाखवलं. हाडं आधीच पुरली असती तर ही दुरुस्ती झाली नसती. म्हणजे परत देण्यात ज्ञानाचा काही तोटा आहे, हे कबूल करायला हवं. पण तो तोटा सोसायचा की नाही, हे त्या हाडांच्या वंशजांनी ठरवावं, ती जपून ठेवणाऱ्यांनी नव्हे. तपासणी आधी, मग पुनर्दफन, असा मार्गही त्यांच्या संमतीने निघू शकतो. शंभर वर्षं नव्हती ती ही संमतीच.

आपल्याकडून तिकडे फिरायला जाणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. क्लिफ पॅलेसमध्ये वनरक्षकाबरोबरच उतरता येतं, कॅन्यन द शेच्या तळाशी बहुतेक ठिकाणी नवाहो वाटाड्या लागतो, यूटातल्या मून हाउसला दिवसाला वीसच माणसांना परवानगी मिळते. याला कटकट समजू नये. कपारीतलं खापर उचलून पाहिलं तरी जिथलं तिथे ठेवावं, कारण जागेवरून हललेल्या खापराचा काळ आणि मालक दोन्ही सांगता येत नाहीत, आणि प्रत्येक खापरासाठी शंभर वर्षांनी भिंतीवरच्या सह्या शोधणारं कोणी निघेलच असं नाही.