पुष्कळ डोळे, एक नजर

देवाने माणसाला डोळे दोन का दिले, याचा विचार आपण सहसा करीत नाही. एक अधू झाला तर दुसरा असावा, एवढेच उत्तर पुष्कळांना सुचेल. पण वाचकहो, एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा! दोरा सुईच्या अलीकडे तरी राहील, नाही तर पलीकडे तरी जाईल. एका डोळ्याला दिशा कळते. अंतर कळावयास दोन लागतात.

याची प्रचीती आम्हा डोंबिवलीकरांना रोज येते. गाडी डोंबिवलीहून कल्याणकडे निघाली की रुळांलगतच्या इमारती भराभर मागे पळतात. मलंगगड मात्र बराच वेळ आपल्या सोबतीने चालला आहे असे वाटते. जवळची वस्तू अधिक सरकते, दूरची कमी. दोन ठिकाणांमधले अंतर आणि तेथून दिसणारे कोन ठाऊक असले, की गडावर पाऊल न ठेवता तो किती दूर आहे हे सांगता येते. शाळेतला त्रिकोण येथे उपयोगी पडतो.

याच त्रिकोणाने अवघा हिंदुस्थान मोजला गेला. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा पोलादी साखळीने मोजली. उन्हाने साखळी लांबते, म्हणून जवळ थर्मामीटर ठेवले. दुसरी एक साखळी केवळ पडताळ्यासाठी राखून ठेवली. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटून त्याचे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र आदळले. लॅम्बटनने सहा आठवडे खपून ते पूर्ववत केले, आणि मगच काम पुढे नेले. यंत्राविषयी शंका असताना त्याने काढलेला आकडा कागदावर मांडू नये, हा त्याचा बाणा. १८२३ साली आपल्या हिंगणघाटला त्याने देह ठेवला. त्याची कबर तेथेच आहे.

आता कोनमापकाच्या जागी कॅमेरे आले आहेत. २००१ साली लॉर्ड्सच्या कसोटी सामन्यात चेंडूचा मार्ग दाखवणारी ‘हॉक-आय’ पद्धत प्रथम दूरचित्रवाणीवर दिसली. मैदानाभोवतीचे अनेक कॅमेरे एकाच वेळी चेंडू पाहतात आणि संगणक त्रिकोण सोडवून तो कोठे होता ते सांगतो. परंतु कॅमेरे टांगले म्हणजे काम झाले असे नव्हे. प्रत्येक कॅमेरा नेमका कोठे आहे, कोणत्या दिशेला वळला आहे, त्याचे भिंग चित्र किती वाकडे करते, हे आधी ठरवावे लागते. या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. वाण्याच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो ना, तसाच हा प्रकार!

कल्याणचा माझा भाचा याच कामात आहे. त्याने आमच्या गच्चीवर हा विधी करून दाखविला. जुन्या तसबिरीच्या काचेवर त्याने काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा कागद चिकटवला होता.

“पुठ्ठ्यावर का नाही चिकटवलास?” मी विचारले.

“पुठ्ठा पोटात फुगतो, मामा. पाटी सपाट नसली तर पुढचे सगळे गणितच खोटे.”

दोन तिवयांवर दोन कॅमेरे बसले. मी पाटी धरून उभा. कधी तिरपी, कधी जवळ, कधी कोपऱ्यात, अशी पंचवीसएक छायाचित्रे निघाली. चौकडीची बाजू किती हे ठाऊक असल्याने, चित्रात ती किती लहान व किती तिरकी दिसते यावरून संगणक भिंगाचे दोष आणि कॅमेऱ्यांच्या जागा काढतो. पूर्वी याला महागडे, काटेकोर घडवलेले ठोकळे लागत. सपाट पाटीवर भागवण्याची सोपी युक्ती झेंग्यू झांग या शास्त्रज्ञाने २००० साली प्रसिद्ध केली. शेवटी ताळा असतो: काढलेल्या उत्तरावरून चौकडीचे कोपरे कोठे दिसावयास हवेत ते मांडायचे आणि प्रत्यक्ष चित्राशी पडताळायचे. फरक अर्ध्या ठिपक्याहून कमी आला तर बरे.

“अर्ध्या ठिपक्यासाठी एवढी यातायात?” माझा हात भरून आला होता.

भाच्याने मला हिशेब घातला. कॅमेरे १० सेंटिमीटर अंतरावर ठेवले, तर १० मीटरवरचा माणूस दोन्ही चित्रांत मिळून जेमतेम १० ठिपके सरकलेला दिसतो. त्यात एका ठिपक्याची चूक झाली की तो ११ मीटरवर आहे असे उत्तर येते. तेच कॅमेरे १ मीटर अंतरावर ठेवले, तर माणूस १०० ठिपके सरकतो आणि एका ठिपक्याची चूक १० सेंटिमीटरवर येते. लॅम्बटनने साडेसात मैल का मोजले, ते मला तेव्हा पुरतेपणी उमगले.

घड्याळेही जुळावी लागतात. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात मीटरभराहून अधिक पुढे जाते. एका कॅमेऱ्याने तेवढ्या उशिरा पाहिले, तर दोघे वेगवेगळ्या गाड्यांची साक्ष देतील!

साक्ष हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे ‘स्मार्ट सिटी’च्या यादीत आली. आज चौकाचौकांत, फलाटांवर कॅमेरे आहेत. वेगाचा दंड यंत्र ठरवू लागले, गर्दी यंत्र मोजू लागले, की त्याचा काटा बरोबर आहे ना हा प्रश्न घरादाराचा होतो. पुलावरचा एकच माणूस तीन कॅमेऱ्यांना दिसतो. तिघांचा नकाशा एक नसेल तर एकाचे तीन होतील, किंवा तिघांचा एक. बरे, एकदा जुळवले की कायमचे भागले असेही नाही. पावसाळी वारा, रंगाऱ्याच्या शिडीचा धक्का, गाड्यांची थरथर, यांनी कॅमेरा केसभर हलला तरी आकडा बिघडतो. आणि पडद्यावरचे चित्र पूर्वीइतकेच स्वच्छ दिसत राहते. धोका आहे तो येथे.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन भरगच्च गाड्या एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले. त्या सायंकाळी आमच्या भागातल्या कितीतरी घरांत, माणूस उंबरठ्यात दिसेपर्यंत कोणाच्या जिवात जीव नव्हता. कॅमेरा गर्दी कमी करीत नाही, हे खरेच. पण कोणत्या वेळी, कोणत्या फलाटावर किती माणसे उभी असतात याचा खरा आकडा हाती असेल, तर जादा गाडी मागणाऱ्याच्या बोलण्याला वजन येते. खोटा आकडा मात्र आकडा नसण्याहून वाईट. कारण त्यावर कोणी शंका घेत नाही.

म्हणून नवे कॅमेरे बसल्याची बातमी वाचाल तेव्हा ते किती बसले एवढेच विचारू नका. त्यांचा ताळा शेवटचा कधी घेतला, हेही विचारा. वाण्यापुढे काट्याचा शिक्का पाहणाऱ्या आपल्या गृहिणींना हा प्रश्न मुळीच अवघड वाटणार नाही.