बुजरी घोडी गाडीत कशी चढवावी

घोडा विकत घेणारा कास्तकार त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो; अंगावरील भोवरे तर आवर्जून पाहतो. परंतु हे जनावर गाडीत चढते की नाही, हा प्रश्न बाजारात क्वचितच कोणी विचारतो. आम्हीही तो विचारला नव्हता. त्याची किंमत आम्हांस पाच वर्षांनंतर द्यावी लागली. ती हकीकत, व तिजपासून आम्ही जे शिकलो ते, प्रस्तुत लेखात शेतकरी बंधूंपुढे मांडण्याचे योजिले आहे.

नंदुरबार जिल्ह्यात, शहादे तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडे हे गाव आहे. तेथील एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीस भरते व तीत घोड्यांचा मोठा बाजार असतो. मारवाडी, काठेवाडी अशा नाना जातींची जनावरे दूरदूरच्या प्रांतांतून तेथे येतात. सन २०१६ च्या यात्रेत आम्ही एक कुमाईत घोडी घेतली. व्यवहार उरकून तिला गाडीत चढविण्यास दिवस मावळला. भाड्याच्या ट्रकचा फाळका मातीच्या ढिगावर पाडलेला, त्यावर दोन फळ्या टाकलेल्या, आणि आत काळोख. घोडी फळीपाशी येऊन थांबली व फुरफुरू लागली. तेव्हा पाचसहा गड्यांनी तिच्या पुठ्ठ्यामागून दोर आवळला, दोघांनी पुढून ओढले, एकाने चाबूक वाजविला. घोडी झाड झाली. खाली येताना तिचा मागला पाय दोन फळ्यांच्या फटीत गेला व नळीवरचे कातडे वीतभर सोलले. तिसऱ्या झटापटीत ती आत गेली. गड्यांनी टाळ्या पिटल्या व आम्ही त्यांना चहापाण्याचे पैसे दिले. एक म्हातारा सौदागर बाजूस उभा राहून हे पाहत होता. तो एवढेच म्हणाला, "भाऊसाहेब, आज चढली. पण आता ती गाडी ओळखील."

जखम पंधरवड्यात भरून आली; भय मात्र गेले नाही. दारावरून ट्रक गेला तरी ती ठाणावर अंग चोरीत असे. पुढे तिला परगावी नेण्याचे प्रयोजन पडले नाही, म्हणून आम्हीही त्याकडे लक्ष दिले नाही. सन २०२१ च्या पावसाळ्यात एका रात्री तिला पोटशूळ झाला. घोड्यास ओकारी होत नाही. त्यामुळे पोटात काही अडकले किंवा आतडे पिळवटले तर उपाय तासांच्या हिशेबाने करावा लागतो. गावच्या पशुवैद्यांनी सुई टोचली व विनाविलंब जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्यास सांगितले. रात्री दहा वाजता गाडी दारात आली. पहाटे तीनपर्यंत घोडी चढली नाही. चुचकारून झाले, ओढून झाले, डोळे बांधून झाले. तीन वाजता ती जमिनीवर पडली व उजाडण्यापूर्वी गेली. वेळेवर पोहोचती तर वाचती, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. परंतु हातातले पाच तास आमच्या गाफीलपणामुळे वाया गेले, ही गोष्ट खरी. तिचे दीड वर्षाचे शिंगरू शेजारच्या ठाणावरून हे सर्व पाहत होते. पुढील साली त्या शिंगराला, म्हणजे तिच्या लेकीला, गाडी शिकविण्याचे आम्ही मनावर घेतले.

भयाचे कारण

घोडा हे मूळचे मोकळ्या माळावर राहणारे व पळून जीव वाचविणारे जनावर होय. बैलास शिंगे आहेत, कुत्र्यास सुळे आहेत. घोड्याचा मुख्य आधार म्हणजे मोकळी वाट. गाडीच्या हौद्यात शिरणे म्हणजे ती वाट सोडून देणे. शिवाय त्याचे डोळे बाजूस असल्यामुळे त्यास सभोवार सुमारे ३५० अंशांपर्यंत दिसते, परंतु कपाळाच्या अगदी समोरचे व शेपटीच्या अगदी मागचे दिसत नाही. म्हणून पायापुढील फळी नीट पाहावयाची तर त्यास मान खाली घालावी लागते. आणि नेमके त्याच वेळी आपण दोर वर ओढतो! उजेडातून काळोखात गेल्यावर त्याची दृष्टी माणसाच्या दृष्टीपेक्षा सावकाश स्थिरावते. जो हौदा आपणांस नुसता अंधुक दिसतो, तो त्यास तळ नसलेल्या विहिरीसारखा वाटत असावा. त्यात टापेखाली पोकळ फळीचा आवाज होतो. इतकी कारणे असता जे जनावर थांबते त्यास अडेल म्हणणे न्यायाचे नव्हे.

शिकंदराच्या घोड्याची गोष्ट प्लूटार्कने लिहिलेली आहे. ब्यूसेफॅलस नावाचा तो घोडा कोणास आवरेना. तो आपल्याच सावलीस बुजतो, हे कुमारवयाच्या शिकंदराने ओळखले. त्याचे तोंड सूर्याकडे फिरविले, त्यास चुचकारले आणि मग त्यावर मांड टाकली. जनावर कशास भिते हे आधी शोधावे व तेवढेच दूर करावे, हा या गोष्टीतील बोध आमच्या कामी फार आला.

गाडीची व जागेची तयारी

गाडीचा मागील भाग शेताच्या बांधास अथवा उंचवट्यास असा लावावा की, हौद्याची जमीन व बांधाची माथ जवळजवळ एका पातळीस येतील. चढ जितका कमी तितके भय कमी. फाळका व बांध यांमध्ये बोटभरही फट राहू देऊ नये. राहिल्यास जाड फळी टाकून ती पक्की करावी. चाकांस दगडांची ओट द्यावी, म्हणजे घोड्याने पाय ठेवताच गाडी हलणार नाही. हौद्यात वाळू पसरून वर पेंढा घालावा. खिळे, तारा, तुटके पत्रे हात फिरवून तपासावे. सकाळची वेळ असल्यास गाडीची पाठ पूर्वेस करावी, त्यायोगे ऊन थेट आत पडते. ताडपत्री दुमडून वरूनही उजेड घ्यावा.

माणसे दोनच असावीत. धरणाऱ्याने घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभे राहावे, अगदी समोर किंवा अगदी मागे कधीही राहू नये. बागदोर सुती व लांब असावी. ती हातास गुंडाळू नये, कारण भेदरलेले चारशे किलोचे जनावर मागे सरले तर बोटे जातात. बघ्यांस नम्रपणे पण स्पष्टपणे घरी पाठवावे.

शिकवणीचा क्रम

या विद्येचे मर्म दाब आणि सोड या दोन शब्दांत आहे. घोडा थांबला की बागदोरीवर बेताचा, एकसारखा ताण ठेवावा; हिसका देऊ नये. त्याने पुढे पाऊल टाकले, किंबहुना अंगाचा भार नुसता पुढे झुकविला, तरी त्याच क्षणी दोर सैल सोडावा. घोडा ताणाने शिकत नाही, सैल होण्याने शिकतो. जो सोडण्यास उशीर करतो त्याचे शिकविणे फुकट जाते.

आमचा क्रम येणेप्रमाणे होता. पहिले तीन दिवस फळ्या अंगणात जमिनीवर टाकून घोडीस त्यांवरून चालविले. खाली पोकळी राहील अशा ठेवून टापेचा आवाज तिच्या कानी पाडला. नंतरचे दोन दिवस कडब्याच्या दोन गंजींमधील अरुंद वाटेने, वर ताडपत्री धरून, नेले. सहाव्या दिवशी गाडी आणली. त्या दिवशी तिने फक्त जवळ येऊन फळी हुंगावी एवढीच आमची अपेक्षा होती. तिने हुंगली, आम्ही मूठभर चंदी दिली व परत फिरविली.

सातव्या दिवशी आमच्याच हातून चूक झाली. गाडीवाल्यास भाडे होते व तो, "भाऊसाहेब, उशीर होतोय," असे वरचेवर म्हणत होता. घोडीने पुढले दोन पाय आत ठेवले होते. एवढ्यावर थांबावयाचे सोडून आम्ही घाईने दोर ओढला. ती मागे झाड झाली, वरच्या आडव्या बांबूवर तिचे टाळके आपटले, व पुढील तीन दिवस ती गाडीच्या वीस पावलांत येईना. महसुलाच्या कामातही आम्ही हे पाहिले आहे: तगाद्याने आजची वसुली होते, पण माणूस पुढल्या साली पाटलाचा शिपाई पाहून मागल्या दाराने निघून जातो. घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, असे ग्रीक लेखक झेनोफन याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहून ठेविले आहे. आम्ही त्यात घाईची भर घालू.

पुन्हा फळ्यांपासून आरंभ केला. दोन पाय आत ठेवले की, तिने मागावे त्यापूर्वीच आम्ही तिला मागे घेऊ लागलो. येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. आत गेलेले जनावर बाहेर येऊ नये म्हणून लोक धडपडतात. वस्तुतः त्यास सावकाश, सरळ मागे पावले टाकीत उतरण्याचे शिक्षण आधी द्यावे. बाहेर येता येते हे कळले म्हणजे आत जाण्याचे भय निम्मे होते. चौदाव्या दिवशी चारी पाय आत आले. तोबरा आतच बांधला व चंदी खाऊन होताच उतरविले. पुढे मागचा आडवा बांबू लावून पाहिला, नंतर फाळका बंद केला, नंतर जागच्या जागी यंत्र सुरू केले, आणि अठराव्या दिवशी गावाभोवती एक फेरी घातली. दररोज अर्ध्या तासाहून अधिक वेळ आम्ही कधी घेतला नाही. ज्यांच्याकडे गाडीस सरावलेले दुसरे घोडे आहे त्यांनी ते आधी चढवावे. सोबत पाहून बुजरे जनावर लवकर धीर धरते.

प्रवासातील काळजी

चढविताना मागचा बांबू लावल्यावाचून डोके बांधू नये, आणि उतरविताना डोके सोडल्यावाचून मागचा बांबू काढू नये. याच्या उलट केल्यास बांधलेले घोडे मागे झेपावते व मान मोडून घेते. गाठ सुरगाठ असावी, एका हिसक्यात सुटणारी. दोर इतका आखूड नसावा की मान सतत उंच राहील. लांबच्या प्रवासात घोड्यास मान खाली घालता आली नाही तर श्वासनलिकेतील धूळ व कफ बाहेर पडत नाही आणि फुप्फुसास विकार जडतो. तीनचार तासांनी थांबून पाणी दाखवावे.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या सन १९६० च्या कायद्याखाली सन १९७८ मध्ये जनावरांच्या वाहतुकीचे नियम झालेले आहेत. त्यांत घोड्यांसाठी पशुवैद्याचा दाखला, न घसरणारी जमीन, दोन जनावरांमध्ये निदान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, तोंड डावीकडे म्हणजे येत्याजात्या गाड्यांपासून दूर, एका गाडीत फार तर चार ते सहा जनावरे, व ताशी ३५ किलोमीटरहून अधिक वेग नाही, अशा गोष्टी सांगितल्या आहेत. आम्ही कागदपत्रांत जन्म घालविलेले, पण घोडी घेतली तेव्हा यातील एकही कलम वाचलेले नव्हते. घोडे बाळगणाऱ्याने हे नियम एकदा वाचावेत. त्यांतील बहुतेक गोष्टी जनावराच्याच नव्हे, तर धन्याच्याही हिताच्या आहेत.

सन २०२४ च्या श्रावणात एका रात्री या घोडीच्या मागल्या पायास पत्र्याने खोल जखम झाली. रक्त थांबेना. गाडी आली, तीही अनोळखी. आमच्या मुलाने हौद्यात कंदील टांगला व बागदोर सैल धरून तो तिच्या खांद्याशी चालू लागला. घोडी फळीपाशी थांबली. आम्हांस तिच्या आईची रात्र आठवली आणि तोंडातून शब्द निघेना. मुलाने तिला घाई केली नाही. तिने मान खाली घालून फळी हुंगली, आणि लंगडत वर चढली. पायास टाके पडले. आज ती पूर्ववत चालते.

तेव्हा आमची शेतकरी बंधूंस एवढीच विनंती आहे की, ज्यांच्या दारी घोडे आहे त्यांनी सुगी आटोपल्यावर, जनावर धडधाकट असता व कोठेही जावयाचे नसता, पंधरावीस सकाळी या कामी खर्च कराव्यात. दुखण्याच्या रात्री ही विद्या शिकविता येत नाही. ज्यांस याहून सोपी रीत अनुभवाने ठाऊक असेल त्यांनी ती या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावी. आम्हीही तिचा लाभ घेऊ.