सुलतानाच्या मुदपाकखान्याची वही

आज आम्ही तुम्हाला तुर्कस्तानातल्या इस्तंबूल शहरात एका मोठ्या स्वयंपाकघरात नेणार आहोत.

सुलतान दुसरा मेहमद याने १४५३ साली हे शहर जिंकलं आणि पुढे तिथे तोपकापी राजवाडा बांधला. १५७४ साली त्या राजवाड्याच्या स्वयंपाकघरांना आग लागली. मग सिनान या नामांकित वास्तुकाराने ती नव्याने उभी केली. राजाच्या स्वयंपाकघराला आपण मुदपाकखाना म्हणतो ना? तो शब्द मूळ अरबी ‘मतबख’वरून आला. तुर्की लोकांचा ‘मुतफाक’ही त्यातलाच.

भरभराटीच्या काळात इथे हजारावर माणसं राबत. कामं वाटलेली असत. गोडाचं दालन वेगळं. तिथे हलवा, मुरंबे, सरबतं आणि औषधी पाकसुद्धा बनत.

ही चव एकट्या राजवाड्याची नव्हती. दही आणि कणकेचे पदार्थ तुर्कांनी मध्य आशियातून आणले. पुलाव आणि मटणात सुकी फळं घालायची रीत इराणची. तांदूळ नि साखर इजिप्तहून जहाजाने येई, लोणी काळ्या समुद्रापलीकडून. टोमॅटो आणि मिरची तर मूळ अमेरिकेतली, ती मागाहून आली. हलवा, सरबत, पुलाव, कबाब हे शब्द आपल्याकडे फारसीतून आले आणि इथलेच झाले.

हे सगळं आज कळतं ते वह्यांमुळे. तांदूळ किती, लोणी किती, साखर किती, सगळं लिहिलेलं आहे. आचाऱ्यांचा रोजही नोंदलेला आहे. राजवाड्यातले हे आचारी पुरुष होते. त्यांचा स्वयंपाक म्हणजे नोकरी होती, म्हणून त्याला मोल होतं.

आता आपल्या गटांकडे बघू. पापड, मसाला, शेवयांचा भाव ठरवताना डाळ, तेल, गॅस, पिशवी सगळं धरलं जातं. बाईचे तास मात्र सुटतात. गिऱ्हाईक म्हणतं, “घरीच तर करता, मग एवढा भाव कशाला?” त्याला उत्तर वहीतूनच देता येतं.

म्हणून सख्यांनो, पुढच्या घाण्याला हिशोबाच्या वहीत आणखी एक रकाना आखा: किती जणी बसल्या, किती तास बसल्या. त्याची मजुरी मांडा आणि मगच भाव सांगा.