गाडी नवीनच आहे, मग ही कुरकुर कसली?

दुकानाची घडी बसली की पुढचा विचार घरच्यांसाठी गाडीचा. मीही घेतली. एक वर्ष वापरलेली, जवळपास नवीनच.

आपली घिवली समुद्राला लागून. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी पहिल्या ब्रेकला खर्र आवाज! मी घाबरलो, मेकॅनिक हसला. दमट, खाऱ्या हवेने डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो, दोन-चार ब्रेक मारले की निघतो. खर्च शून्य. एसीचा कुबट वास केबिन फिल्टर बदलल्यावर गेला. खारं वारं पत्रा खातं, म्हणून गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुतो.

खरी गोची मात्र आवाज न करणारी निघाली. आरसी माझ्या नावावर झाली, इन्शुरन्स जुन्या मालकाच्याच नावावर! थर्ड पार्टी कव्हर नवीन मालकाकडे आपोआप येतं. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर हवं, तर १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनसही जुन्या मालकाकडेच राहतो. मला हे दोन महिन्यांनी कळलं. तेवढ्यात बोईसरच्या ट्रॅफिकमध्ये कुठे ठोकली असती, तर दुरुस्ती दुकानाच्या गल्ल्यातून!

धंद्यातही हेच आहे. कुरकुरणारं गिऱ्हाईक लगेच दिसतं, कागदपत्रांतली चूक दिसत नाही. आज एकच काम करा. गाडीची पॉलिसी काढा, नाव आणि तारीख वाचा, दुकानाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.